माळ्यावरचा फोटो: साल कसं काढायचं?

जुन्या फोटोंबद्दलची पत्रं बरीच साठली, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं गरजेपुरती छोटी केली आहेत.

वाईतल्या आमच्या वाड्याचं छप्पर उतरवताना माळ्यावर काचेच्या चौकटीतला एक फोटो सापडला. अकरा माणसं, पुढे मांडी घालून बसलेली दोन मुलं. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला पुण्यातल्या स्टुडिओचं नाव इंग्रजीत आहे, पण अर्धं वाळवीने खाल्लंय. घरात कुणीच कुणाला ओळखत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, वाई

चौकटीच्या पाठीपासून. वाळवी आहे म्हणता, तर आधी चौकट अंगणात नेऊन मऊ कुंचल्याने माती झाडा; औषध फवारू नका, त्याचे डाग जात नाहीत. मग टेबलावर धुतलेली सुती चादर पसरून चौकट पालथी ठेवा. पाठीचा तपकिरी कागद बोथट सुरीने एका कडेने सोडवा. चुका पक्कडीने सरळ उपसा; वर उचकटल्या तर जोर काचेवर येतो आणि कोपऱ्यात चीर जाते. प्रत्येक थर काढण्याआधी मोबाइलवर त्याचं छायाचित्र घ्या.

हे थर महत्त्वाचे अशासाठी, की फ्रेमवाले पाठीमागे हाताला येईल ते भरत: रद्दी, जुनं कॅलेंडर, पंचांगाचं पान, उरलेल्या लग्नपत्रिका. वर्तमानपत्रावर तारीख सापडली तर चौकट त्या दिवसानंतर बसवली, एवढं पक्कं होतं. फोटो त्याच्या चाळीस वर्षं आधीचाही असू शकतो. काच फुटली की नवी चौकट व्हायचीच.

आता फोटो भिंगाखाली घ्या. घड्याळजी डोळ्याला लावतो ते दहापट भिंग पुरे. सगळ्यात आधी ओळीने मांडलेले ठिपके दिसतात का ते बघा. दिसले तर तो फोटो नाहीच, छापखान्यातलं चित्र आहे, आणि पुढचा खटाटोप वाचला. ठिपके नसतील तर फिकट भागात, म्हणजे एखाद्याच्या धोतरावर किंवा उपरण्यावर, कागदाचे तंतू दिसतात का पाहा. तंतू स्पष्ट, रंग तांबूस-जांभळट तपकिरी, पांढरे भाग पिवळे पडलेले आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं, तर तो अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा. ही पद्धत १८५० मध्ये आली आणि १८९० च्या दशकात मागे पडली. तंतू अजिबात दिसत नसतील, काळा रंग खरोखर काळा असेल आणि फोटो तिरपा धरल्यावर गडद भागात, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चंदेरी झाक येत असेल, तर तो जिलेटिनचा. त्यात तंतूंवर आधी पांढऱ्या बरायटाचा लेप असतो, म्हणून ते झाकले जातात. असे कागद १८८० च्या दशकात आले आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं चालले. म्हणजे अल्ब्युमिन निघाला तर तुमचं निम्मं काम झालं; जिलेटिन निघाला तर फारसं काही झालेलं नाही. ओलं बोट लावून बघायची एक पद्धत लोक सांगतात, ती करू नका. जिलेटिन तिथेच फुगतं आणि डाग कायमचा राहतो.

पुठ्ठा मिलिमीटरमध्ये मोजा. साधारण ६४ × १०० म्हणजे कार्ड साइझ, जिचं पेटंट पॅरिसमध्ये १८५४ साली घेतलं गेलं. १०८ × १६५ म्हणजे कॅबिनेट, १८६६ च्या सुमाराची. स्टुडिओवाले परवापरवापर्यंत ‘कॅबिनेट साइझ’ म्हणत, ते यावरूनच. अकरा जणांचा गट या मापात मावला असेल असं वाटत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत मापापेक्षा पुठ्ठ्याचा घाट बोलेल. पातळ पुठ्ठा आणि चौकोनी कोपरे आधीचे. जाड पुठ्ठा, गोलसर कोपरे, तिरप्या कापलेल्या सोनेरी कडा, मरून किंवा बाटली-हिरवा रंग हे १८८०-९० कडचं. पण गावोगावचे फोटोग्राफर जुना साठा संपेपर्यंत वापरत, म्हणून पुठ्ठ्यावरून काढलेल्या सालात दहा वर्षं इकडेतिकडे धरायचीच.

स्टुडिओच्या नावाचं वाळवीने खाल्लेलं अर्ध बहुधा पाठीवर पुन्हा छापलेलं असेल. खोलीत अंधार करून टॉर्च पुठ्ठ्याला समांतर, एका बाजूने धरा: उठाव शिक्का असेल तर सावलीने उठून दिसतो, पेन्सिलीने लिहून पुसलेला निगेटिव्हचा नंबरसुद्धा. एक चकवा लक्षात ठेवा. पाठीवर तळाशी अगदी बारीक अक्षरात पॅरिस किंवा लंडनचं नाव असतं, ते पुठ्ठा पुरवणाऱ्याचं असतं. त्यावरून पणजोबा विलायतेला गेले होते अशी कथा अनेक घरांत रुजली आहे.

नाव आणि पत्ता यांतून साल कसं निघतं, याचा नमुना म्हणून त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर दीनदयाळ घ्या. त्यांना निजामाकडून ‘राजा’ हा किताब १८९४ मध्ये मिळाला आणि मुंबईचा स्टुडिओ १८९६ मध्ये निघाला. पुठ्ठ्यावर ‘राजा’ आणि मुंबईचा पत्ता दोन्ही असतील तर पुठ्ठा १८९६ च्या आधीचा नाही. मात्र दीनदयाळ १९०५ मध्ये वारले तरी स्टुडिओचं नाव पुढे चालूच राहिलं, त्यामुळे दुसरं टोक सुटं राहतं. छापलेल्या पदकांचंही तसंच: ज्या साली पदक मिळालं त्यानंतरचा पुठ्ठा, एवढंच.

असे सगळे पुरावे वहीत दोन रकान्यांत लिहा, ‘याआधीचा नाही’ आणि ‘यानंतरचा नाही’. पहिला रकाना भराभर भरतो. दुसरा भरायला माणसं लागतात, आणि तिथे ती पुढे बसलेली दोन मुलं कामाची. मोठ्यांच्या कपड्यांवर फार विसंबू नका. साठीतला माणूस तरुणपणीचीच पगडी घालून बसतो. गटातल्या सगळ्यात तरुण कर्त्या पुरुषाकडे बघा. गांधी टोपी दिसली तर १९२० च्या आधीचा विचार सोडा. मुलांची वयं अंदाजाने ठरवा आणि घराण्याच्या वंशावळीत दोन-तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेली भावंडं शोधा. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली समजा आणि वर्षही एखाद-दोनने पुढेमागे धरा.

पाठीवर मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. शक दिला असेल तर ७८ मिळवा: शके १८१५ म्हणजे १८९३ चा पाडवा ते १८९४ चा फाल्गुन. बायकांच्या नावांनी गडबड होते. माहेरच्या नातलगाने लिहिलं तर माहेरचं नाव, सासरी लिहिलं तर सासरचं. दोन नावं म्हणजे दोन बायका असं धरून वंशावळीत जागा शोधत बसू नका.

पणजीच्या फोटोत (सुमारे १९२०) लुगडं काळं आणि कुंकूही काळं दिसतं. ही चंद्रकळा असेल का? पण आजी सांगायची, तिच्या आईने काळं कधी नेसलंच नाही.
— एक वाचक, नागपूर

आजीचं खरं असणार. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. सुरुवातीच्या प्लेटांना फक्त निळा-जांभळा प्रकाश कळे. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना हिरवा कळू लागला, लाल नाहीच. जो रंग प्लेटला कळत नाही तो प्रिंटमध्ये काळा उतरतो. म्हणून लाल कुंकू काळंभोर, लाल लुगडं काळं, आणि जुन्या साध्या प्लेटवर हळदी-पिवळा काठ आणि सोन्याच्या पाटल्याही गडद. उलट निळं लुगडं जवळजवळ पांढरं दिसतं आणि घारे डोळे भुतासारखे फिक्के. सगळे रंग जाणणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा १९०६ मध्ये विकायला आल्या, पण सर्वसाधारण स्टुडिओत हे सामान १९३० नंतर रुळलं. कुंकू करडं दिसत असेल तर फोटो त्या नंतरचा, हा एक सोपा धागा.

यात एक जपून बोलायची जागा आहे. डोक्यावरून घेतलेलं गडद लुगडं आणि रिकामं कपाळ म्हणजे विधवा नेसत ते लाल आलवण असू शकतं, तेही असंच काळं येतं. पण फक्त कपाळावरून बाई विधवा होती असं ठरवू नका. निगेटिव्हवर चेहऱ्याचं टचिंग करताना कुंकू पुसलं जाई, आणि कधी नसलेलं लावलंही जाई. मनगटं पाहा, गळा पाहा. बांगड्या आणि मंगळसूत्राकडे टचिंगवाल्याचं लक्ष सहसा जात नाही.

दिवाणखान्यात पणजोबांचा दीड फूट उंच फोटो आहे. पगडी, उपरणं, मागे धुकट पांढरं. ते १९०२ मध्ये वारले. फोटो मात्र इतका स्वच्छ आहे की पटत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

पटू नयेच. हा बहुधा एन्लार्जमेंट आहे, म्हणजे जुन्या गटफोटोतून एकट्याला उचलून, मोठं करून, मागचं सगळं ब्रशने उडवलेला. माणूस गेल्यावर पाच, पंचवीस, पन्नास वर्षांनीही असे फोटो करून घेत. त्यामुळे इथे दोन सालं काढायची असतात: कागदाचं एक, चेहऱ्याचं दुसरं. घरोघरच्या फोटोंबद्दल होणाऱ्या वादांपैकी बरेचसे ही दोन एकत्र केल्याने होतात.

कागदासाठी नोटा तपासायचा जांभळा दिवा आणा, २००-३०० रुपयांत मिळतो. फोटो चौकटीतून काढून अंधारात त्याची पाठ आणि पांढरी कड बघा.  कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात १९५० च्या सुमारापासून घालू लागले. चमकला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरचेही अनेक कागद चमकत नाहीत. पुठ्ठा आणि फोटो वेगवेगळे तपासा. जुना फोटो नव्या पुठ्ठ्यावर डकवलेला असतो.

चेहऱ्यासाठी भिंग पुन्हा घ्या. पगडीची कड कात्रीने कापल्यासारखी आणि कान मात्र मऊ, बाहुलीत रंगाचा ठिपका, भुवयांचा केस न् केस ओढलेला, अशा खुणा सापडतील. खांदे नीट बघा. एक खांदा उगाच लवकर संपत असेल तर तिथे शेजारी कुणीतरी बसलं होतं. कधीकधी उपरण्यावर परक्या हाताचं एखादं बोट उरलेलं असतं.

मूळ फोटो शोधायचा तर चुलत घराण्यांत विचारा, विशेषतः थोरल्या पातीकडे. एखादा गटफोटो मिळाला की दोन्हींचे मोबाइलवर फोटो घ्या, दोन डोळ्यांमधलं अंतर सारखं येईल असे लहानमोठे करा आणि एकावर एक ठेवून वरचा अर्धपारदर्शक करा. चेहरा जुळला म्हणून भुलू नका, भाऊही जुळतात. पगडीचा पीळ, उपरण्याची चुणी आणि नाकाची सावली तिन्ही तंतोतंत जुळली तरच तो त्याच क्षणाचा फोटो. जुळता जुळत नसेल तर एकदा आरशात उलटवून पाहा. मोठं करताना प्लेट उलटी बसली की डावं-उजवं बदलतं. कोटाची बटणं त्याच्या स्वतःच्या डाव्या बाजूला गेलेली असतील किंवा गटातल्या बायकांची नथ उजव्या नाकपुडीत दिसत असेल, तर हेच झालं आहे.

आजोबांच्या सामानात मुंबईच्या रस्त्याचा एक फोटो मिळाला. ट्राम आहे, मागे घोड्यावर बसलेला पुतळा, पोस्टरही दिसतं. साल किती जवळ आणता येईल?
— एक वाचक, न्यू जर्सी

बरंच. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. ट्रामच्या डोक्यावर तार दिसते का ते पाहा. तुमचा पुतळा काळा घोडा असेल, तर तो तिथे १८७९ ते १९६५ होता. आता राणीच्या बागेत आहे. म्हणजे पुतळ्यापेक्षा ट्राम तुम्हाला जास्त जवळ नेते. बस १९२६ पासून आहे, दुमजली बस १९३७ पासून. फोटोत अपोलो बंदरही येत असेल तर ताज १९०३ आणि गेटवे १९२४ हे दोन खिळे पक्के.

खरा खजिना पोस्टर आहे. ते १२०० डीपीआयला स्कॅन करून सिनेमाचं नाव वाचता आलं, तर त्या काळच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवरून आठवडासुद्धा सापडू शकतो. ‘बोलपट’ किंवा ‘टॉकी’ असा शब्द दिसला तर १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला त्याच्या पुढे या. त्याआधी परदेशी बोलपट मुंबईत येऊ लागले होते, म्हणून हा नियम देशी सिनेमापुरता.

महिना हवा असेल तर सावल्या. भरदुपारी डिसेंबरात मुंबईत माणसाची सावली उत्तरेला जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते. मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसांत, ती पायाखाली जाते. रस्ता कुठल्या दिशेला जातो हे नकाशावर पाहून घ्या आणि मगच सावली मोजा, नाहीतर सकाळची सावली हिवाळ्याची वाटेल.

फोटो काचेला चिकटला आहे, एका कोपऱ्यात बुरशी आहे. वाफ देऊन सोडवू का?
— एक वाचक, रत्नागिरी

नको. वाफेने जिलेटिन विरघळतं आणि चेहरा काचेवर राहतो. फ्रीजरची युक्तीही नको. काचेसकट तो सपाट काचेच्या स्कॅनरवर पालथा ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा. काच बाहेरून आधी पुसा, पाणी फडक्यावर घ्या, काचेवर शिंपडू नका. मोबाइलनेच घ्यायचा असेल तर खिडकीच्या बाजूला उभं राहून, मोबाइलच्या मागे काळं कापड धरून, म्हणजे तुमचं प्रतिबिंब येणार नाही. बुरशी ओली असताना झाडली की पसरते. फोटो कोरड्या, वाहत्या हवेच्या खोलीत आठवडाभर ठेवा, मग तोंडाला मास्क लावून मऊ कुंचल्याने हलक्या हाताने. उन्हात मात्र ठेवू नका, थर वळून तडकतो. सोडवायचाच असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे आधी फोन करून विचारा.

पाठीवर ‘पोस्ट कार्ड’ छापलेले काही आणि ‘इंदू’ लिहिलेले काही फोटो आहेत. याचा काही अर्थ?
— एक वाचक, नाशिक

आहे. स्टुडिओ सरळ पोस्टकार्डाच्या कागदावर फोटो काढून देत. टपालात न घातलेलेही पुष्कळ. घातलेला असेल तर तिकिटावरचा राजा आणि शिक्का बघा, आणि पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर फोटो पाठवला १५ ऑगस्ट १९७२ नंतर. ‘इंदू’ हा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल. कारखान्यात उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं, त्यामुळे तो प्रिंट त्याआधीचा असूच शकत नाही. स्टुडिओच्या शिक्क्यात भाव आण्यांत असेल तर शिक्का बहुधा १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे नवे पैसे यायच्या, आधी बनलेला. चौकोनी, सहा सेंटिमीटरचे छोटे प्रिंट असतील तर ते १२० च्या रोलचे, एका रोलवर बारा. आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा घरात होता का ते विचारा.

स्टुडिओ केव्हाच बंद झाला. त्याची माहिती कुठे मिळेल? आणि मुलाने अॅपवर चेहरे स्पष्ट करून दिलेत, त्यावरून ओळख पटवता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

निगेटिव्ह मिळतील या आशेवर राहू नका. बोर्न अँड शेफर्डसारख्या नावाजलेल्या स्टुडिओचा कलकत्त्याचा साठा १९९१ च्या आगीत गेला, आणि २०१६ मध्ये दुकानही बंद झालं. पत्ता मात्र शोधता येतो. टाइम्स ऑफ इंडियाची आणि थॅकरची डिरेक्टरी दरवर्षी निघे, त्यात धंद्यांची यादी पत्त्यासह असे. जुन्या ग्रंथालयांत वर्षवार अंक मिळाले तर स्टुडिओ त्या पत्त्यावर पहिल्यांदा आणि शेवटचा कधी दिसतो ते टिपा. फोटोचं साल त्या दोन टोकांच्या आत. मोठ्या शहरांबाहेरचे छोटे स्टुडिओ यात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच स्टुडिओचे इतरांच्या घरातले फोटो जमवा आणि मागचा रंगवलेला पडदा, खांबाची कुंडी, जमिनीवरची सतरंजी जुळवा. एका फोटोवर तारीख मिळाली की तोच पडदा असलेल्या सगळ्यांना ती लागू पडते, निदान चार-पाच वर्षांच्या फरकाने.

अॅपवरच्या चेहऱ्याचं म्हणाल तर नाही. मूळ प्रिंटमध्ये डोळ्याच्या जागी चार करडे ठिपके असतील तर अॅप तिथे कुणाचा तरी सुंदर डोळा बसवतं. रंगही मनचे: वर सांगितलेलं लाल लुगडं ते बिनदिक्कत काळं किंवा निळं करतं. ओळख पटवायला वडीलधाऱ्यांसमोर ठेवाल तो मूळ स्कॅनच ठेवा, आणि तोही आधी एकेकाला स्वतंत्र. सगळे एकत्र बसले की पहिल्याने घेतलेलं नाव बाकीच्यांनाही आठवू लागतं. कुणी नाव सांगितलं तर फोटोच्या मागे बॉलपेन चालवू नका, शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात. ४बी पेन्सिलीने, कडेला, नाव आणि ते सांगणाऱ्याचंही नाव लिहा.